यमुनाआत्याच्या अंगणातलं भंगार

सुप्याला मुलाच्या घराच्या गच्चीवर मी सध्या जे काही करतो त्याला सूनबाई पसारा म्हणते आणि शेजारची पोरं बाग म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. कारखान्यातून टाकून दिलेल्या, तडा गेलेल्या पिवळ्या हेल्मेटांत चिनी गुलाब आहे. कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्राचं भोकाभोकांचं पिंप मी रिक्षात घालून आणलं, तेव्हा मुलगा सोसायटीच्या गेटवर मान खाली घालून उभा होता. आज त्या पिंपातून गोकर्ण चहूबाजूंनी बाहेर आला आहे आणि तोच मुलगा पाहुण्यांना हात धरून गच्चीवर नेतो. पोरं मोबाईलवर चित्रण करतात आणि विचारतात, "आजोबा, ही आयडिया तुमची?" तेव्हा मी हसतो. त्या हसण्याचा अलीकडे मला त्रास व्हायला लागला आहे.

त्याचं कारण सांगतो. मागच्या लग्नसराईत गावाकडे गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या एका तरुणानं मोठ्या चवीनं गोष्ट सांगितली, की आमच्या वस्तीवर पूर्वी यमुना नावाची एक म्हातारी होती, भंगार गोळा करायची, आणि एकदा डोकं फिरलं तेव्हा तिनं लोकांनी ठेवायला दिलेल्या तुळशींची भांडी लालभडक रंगवून एकमेकींत मिसळून टाकल्या. लोक हसले. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं रे?" तो म्हणाला, "वडलांनी. त्यांना तुमीच वर्गात सांगितली हुती म्हनं, सर."  शाळेत शिकवत होतो तेव्हा खरंच मी सांगत असे. मुलं पेंगायला लागली की ही गोष्ट काढायची आणि हशा मिळवायचा. हशासाठी अर्धी गोष्ट गाळली, ती गाळलेली अर्धीच खरी होती. ती आता लिहून ठेवतो.

आमची वस्ती पाथर्डीच्या पुढे, माळावर. घरं एकमेकांना लागून नव्हती, एकेक शेत सोडून एकेक घर. मध्ये दगडाचे बांध, बाभळी आणि वारा. वारा असा, की दारातून मारलेली हाक शेताच्या धुऱ्यापर्यंत पोचत नसे. म्हणून आमच्याकडे बायका हाक मारत नसत. भाकरी झाली की भगुन्याच्या काठावर पळी वाजवायच्या. पळीचा आवाज वाऱ्याच्या वरून जाई. प्रत्येक घराचं भगुनं वेगळं, प्रत्येक बाईचा हातही वेगळा. कुणाचं टण्ण करून थांबे, कुणाचं फुटक्या घंटेसारखं खरखरे, आमच्या आईचं दोनदा भराभर आणि एकदा सावकाश. दिवस डोक्यावर आला की माळभर हे आवाज उठत आणि रानात वाकलेली माणसं आपापलं भगुनं ऐकून कंबर सरळ करत, "आलो!" म्हणत. दुसऱ्याच्या भगुन्याला कुणी चुकून उठल्याचं मला आठवत नाही. आज फोन तीनदा वाजला तरी नातू जेवायला खाली येत नाही, तेव्हा मला त्या पळीची फार आठवण होते.

यमुनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची थोरली बहीण. सासरहून तरुणपणीच परत आलेली. का आली हे घरात कुणी बोलत नसे आणि तीही सांगत नसे. तिला स्वतःचं असं घरात काही नव्हतं. जमीन भावाची, चूल भावजयीची. आई वाईट नव्हती, पण एका चुलीशी दोन बायका म्हटल्यावर जे होतं ते होई. शेंगोळ्यात लसूण किती, इथपासून सुरुवात व्हायची. मग आत्या उठून अंगणात जायची. अंगण मात्र तिचं होतं. कुणी दिलं नव्हतं, तिनं हळूहळू भंगारानं भरून ताब्यात घेतलं होतं.

काय नव्हतं तिथं! ट्रॅक्टरच्या फुटक्या दिव्याच्या वाटीत ऑफिसटाईमची फुलं, गळक्या घागरीत शेवंती, तळ गेलेल्या घमेल्यात गवती चहा, काच नसलेल्या कंदिलात मनीप्लँटसारखी कसलीशी वेल. बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे लोखंडी कडं, तिनं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर गोकर्ण असा चढवला होता, की लांबून निळं चाक दिसे. पाथर्डीच्या बाजाराला मी तिच्याबरोबर जायचो. भाजी घेऊन झाली की ती स्टँडच्या मागच्या उकिरड्याकडे वळायची. पदर खोचून वाकायची, एखादा डबा उचलायची, उन्हाकडे धरून त्याच्या भोकातून बघायची आणि म्हणायची, "नाम्या, ह्यो चांगला फुटलाय." चांगलं फुटणं म्हणजे तळाशी फुटणं. पाणी निथळतं, मूळ कुजत नाही. बाजूला फुटलेलं भांडं ती हळहळून परत ठेवायची. सापडलेली वस्तू डोक्यावर घेऊन परत येताना ती जी चालायची, तशी लग्नातली वरमाय चालते. मला आधी लाज वाटे, आणि मग मीच पुढे पळून उकिरडा धुंडाळू लागलो. त्यातलं सुख ज्यानं घेतलं नाही त्याला सांगता येणार नाही. आपण पेरलं नाही, विकत घेतलं नाही, कुणी दिलंही नाही, आणि तरी आता ते आपलं.

वस्तीवर भंगारवाला यायचा, लोखंडाच्या बदल्यात खारीक-लसूण द्यायचा. आत्या त्याला ताक पाजायची आणि त्याच्याच पोत्यात हात घालून वस्तू काढून घ्यायची. तो कपाळाला हात लावायचा. "मावशी, सगळा मुलूख मला भंगार देतो. माझ्याकडून भंगार घेनारी तूच येकली."

"मग माज्यासाठीच हिंडतो म्हन की," आत्या म्हणायची.

आता तुळशींचं सांगतो. दसरा झाला की आमच्या माळावरची निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला निघत. बैलगाड्या, मुकादमाचा ट्रक, कोंबड्या, पोरं, सगळं जाई. घराला कुलूप लागे. मागे राहत म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी थोडी घरं, ज्यांच्या विहिरीला पाझर होता. तुळस नेता येत नसे आणि पाण्यावाचून दारात मरू देणं कुणाच्या जिवावर येई. दगडी वृंदावन आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं. घरातलं जुनं भगुनं आचेनं झिजून तळाशी फुटलं, की तेच घासून-पुसून त्यात तुळस लावत. म्हणजे इतकी वर्षं ज्यानं जेवायला बोलावलं, त्याच भांड्यात घरची तुळस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायका आपापलं भगुनं कडेवर घेऊन आमच्या अंगणात येत आणि आत्याच्या स्वाधीन करत. "आक्का, सांभाळ गं." आत्या हळद-कुंकू लावून ते घेई, आणि जिथल्या तिथं ठेवी.

जिथल्या तिथं म्हणजे कुठं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. तिनं अंगणात वस्ती मांडलेली असे. ओढ्याकडची घरं पश्चिमेच्या भिंतीशी, खंडोबाच्या माळाकडची पायरीजवळ, कौसाबाईचं एकटं घर बांधापलीकडे म्हणून तिचं भगुनं कडुनिंबाच्या पलीकडे एकटं. ती सकाळी उठून पाणी घालायला लागे तेव्हा जणू घरोघर जाऊन यायची. शेवंतीला भांड्यांचं पाणी चाले, पण तुळशीला खरकटं चालत नाही. तुळशींना ती आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातून घाली. काठ चार बोटं मोकळा ठेवायची, पाणी वरून वाहून जाऊ नये म्हणून. हे काठाचं लक्षात ठेवा.

त्या वर्षी होळीच्या तोंडावर माझ्या थोरल्या बहिणीला, शांताला, बघायला पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं, नगरच्या बाजूचं, मुलगा मास्तर. आत्या तेव्हा जामखेडला गेली होती, धाकट्या आत्याच्या सुनेच्या बाळंतपणाला. तुळशींना पाणी घालायचं काम मला सांगून गेली होती. आईनं अंगणाकडे पाहिलं आणि तिला रडूच आलं. "मास्तराच्या घरची माणसं येनार आन् दारात ह्यो उकिरडा! पोरीला काय म्हनतील?" आण्णा म्हणाले, सगळं मागच्या दारी टाकू. आईनं तेवढं काही केलं नाही. तुळशी मागच्या दारी टाकायला तिचंही मन धजलं नसतं. बैलगाडीची चाकं रंगवायला आणलेला लाल ऑईलपेंट उरला होता. आई, शांता आणि मी, आम्ही तिघांनी मिळून एकेक भगुनं, घमेलं, डबा रंगवला आणि उंचीप्रमाणे ओळीनं लावला. लहान पुढं, मोठी मागं. फार सुरेख दिसायला लागलं. मी तर शाळेतल्या बागेसारखं म्हणून टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपण वस्तीतली घरं उचलून भलतीकडे ठेवतोय.

आत्या पाहुण्यांच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परत आली. फाटकात थबकली. भगुन्यांच्या ओळीवरून तिची नजर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आई ब्रश हातात धरून तशीच उभी. तिलाही त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. "वन्स," ती म्हणाली, "शांतासाठी केलं. मला ध्यानात न्हाई आलं."

 आत्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं, हातपाय धुतले, आणि येऊन आईच्या हातातून ब्रश घेतला. शेवटची काही भांडी राहिली होती, त्यात तिच्या स्वतःच्या तुळशीचं भगुनं होतं. ती मांडी घालून बसली आणि ती भांडी तिनं रंगवली. "आर्धवट सोडलं तर पाव्हनं काय म्हनतील," इतकंच म्हणाली.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं अंगणात पाऊल ठेवलं आणि तोंडात बोट घातलं. "अगं बाई, हे कुणी केलं?"  आत्या आतून शेंगोळ्यांचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्या वैनीला लई हौस हाय." शांताचं लग्न तिथंच ठरलं. पुढं नवऱ्याच्या घरी तिनंही गळक्या बादल्यांची रांग लावली, तो भाग वेगळा.

पण होळी झाली, पाडवा आला, आणि ट्रक परत यायला लागले. तोवर आत्यानं दोनदा-तीनदा मांडणी करून पाहिली होती. काही भांडी तिला ओळखू आली, काही नाही. भगुनी सगळी एकाच बाजारातली, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, सारख्याच मापाची. ओळखायची खूण रंगावर होती, काजळीच्या डागावर होती, ते सगळं लाल झालेलं. तुळशी तर सगळ्या तुळशीच. रंग खरवडून बघितला तर काजळीही निघून आली. अदलाबदल झाली तर काय झालं, असं आज कुणी म्हणेल. पण त्या भगुन्यातल्या मातीत कुणाच्या मेलेल्या सासूनं हळद घातलेली, कुणाच्या लेकीनं सासरी जाताना पाणी घातलेलं. आणि आत्याचं या माळावर होतं काय? आक्काकडे ठेवलं की जसंच्या तसं मिळतं, एवढाच तिचा लौकिक. तोच आता जाणार होता.

पहिली आली कौसाबाई. बांधापलीकडची, जिभेची तिखट. तिचा नवरा बापू फाटकाबाहेर बैल सोडत होता. मागोमाग ट्रकमधून उतरलेल्या आणखी बायका आल्या. कौसाबाईनं अंगणभर नजर टाकली.

"आक्का, ही काय शाळा भरवली का गं? समद्यांना येकच गनवेश!"

बायका हसल्या. कौसाबाई हसली नाही. "माजी कुठाय?"

"ह्यातच हाय," आत्या म्हणाली.

"ह्यातच हाय म्हंजी? मागल्या साली डोळं झाकून उचलली हुती मी. कुनी लावला ह्यो रंग?"

मी आईकडे पाहिलं. आई दारात, पदराचं टोक चावत. शांता आत लपलेली. आत्या म्हणाली, "म्या लावला."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिनं पाहुण्यांच्या आदल्या संध्याकाळी ब्रश घेतला होता की काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

"म्हातारी झालीस व्हय?" कौसाबाईचा आवाज चढला. "माज्या सासूची तुळस हाय ती. मरताना तिच्या तोंडात तिचंच पान घातलंय म्या. दुसऱ्याची घेऊन मी घरी कशी जाऊ? सांग की!"

  आत्या घरात गेली आणि पळी घेऊन आली. मला वाटलं, हिचं खरंच बिघडलं. ती पहिल्या ओळीपाशी बसली आणि एका भगुन्याच्या मोकळ्या काठावर पळी मारली. टण्ण. थांबली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चौथ्या की पाचव्या भगुन्यावर पळी पडली, जरा चिरकलेला आवाज आला, आणि फाटकाबाहेर बैलाच्या मानेवरचं जू सोडत पाठमोरा वाकलेला बापू मागं वळून न बघताच मोठ्यानं ओरडला,

"आलो, आलो! वाढ तवर!"

 मग जो हशा उठला तो माळाच्या पलीकडे गेला असेल. कौसाबाई तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. बापू फाटकात आला आणि गोंधळून विचारू लागला, "काय झालं? भाकरी न्हाई व्हय?" तेव्हा तर बायकांनी जमिनीवर बसकण मारली.

पुढचा सगळा दिवस आमच्या अंगणात जत्रा होती. आत्यानं पुरुषांना आणि पोरांना कुंपणाबाहेर पाठवलं, पाठ करून उभं केलं. प्रत्येक बाईनं पुढं येऊन आपल्या हातानं, आपल्या पद्धतीनं पळी वाजवायची, एकेका भगुन्यावर. खरं भगुनं आलं की बाहेरून हाक यायची. कुणी "आलो!", कुणी नुसतंच "हूंऽ", एका घरची दोन पोरं तर सरळ धावत येऊन हात पुढं करून बसलीच. शेजारच्या दोन जावा एकाच भगुन्यासाठी भांडल्या, दोघींनी ते वाजवून पाहिलं, आणि धाकटीचा मुलगा रडायला लागला, त्याला भूक लागली म्हणून. थोरलीनं निमूटपणे ते धाकटीच्या हातात दिलं. तुळशीबरोबर काहींनी डब्यांत आणि घमेल्यांत शेवंती आणि कोरफडही ठेवली होती, त्यांत काही घोळ राहिला, पण ती बायकांनी हसत वाटून घेतली. कलत्या उन्हात तुळशी कडेवर घेऊन बायका आपापल्या वाटेनं निघाल्या. माळावर जिकडेतिकडे लाल ठिपके चालले होते. कौसाबाई फाटकातून वळून म्हणाली, "आक्का, पुढच्या साली दुसरा रंग लाव. लाल लई उठून दिसतो."

रात्री जेवणात आई आत्याला वाढताना थांबली.  तिच्या ताटात शेंगोळी जरा जास्त पडली, आणि आत्या म्हणाली, "लसूण आज बेताचा हाय."

मी वर्गात गोष्ट सांगायचो ती रंगवण्यापर्यंत, फार तर कौसाबाईच्या गणवेशापर्यंत. पळीचं सांगत नसे. ते सांगितलं तर हसण्याऐवजी मुलं गप्प व्हायची, हा माझा अनुभव, आणि मला तेव्हा हशा हवा असायचा. आणि दसऱ्याचं तर मी कधीच कुणाला सांगितलं नाही. तेच खरं सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा फाटकात बायकांची रांग होती. प्रत्येकीच्या कडेवर तुळस आणि प्रत्येक भगुनं ताज्या लाल रंगात चमकणारं. घराघरांत त्यांनी आपणहून रंगवली होती. कौसाबाई सगळ्यांत पुढं. तिनं आपलं भगुनं खाली ठेवलं, बाकीच्यांनीही ठेवली, मुद्दाम एकमेकींत मिसळून, आणि कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "हं, आक्का. आता ठेव बरं जिथल्या तिथं."

आत्या हसली. तिनं पळी आणायला सांगितली. मी धावत आणली, तर तिनं ती माझ्या हातातून घेऊन आईपुढं धरली. "वैनी, तू वाजव. मी ठेवते."

आई पुढं आली. पळी हातात घेऊन ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मागल्या साली रंग म्या लावला हुता. वन्सनी न्हाई."

"ठाव हाय," कौसाबाई म्हणाली. "त्या दिवशी दारात उभी हुतीस, तुज्या लुगड्याला लाल डाग हुता. हात चालीव आता, आमचा ट्रक जाईल."

आईनं पळी वाजवायला सुरुवात केली. आत्या डोळे मिटून ऐकायची आणि भगुनं उचलून नेऊन ठेवायची. ओढ्याकडचं पश्चिमेला, खंडोबाच्या माळाचं पायरीजवळ. प्रत्येक वेळी रांगेतली एक बाई मान हलवायची आणि निघून ट्रककडे जायची. कौसाबाईचं भगुनं आलं, तेव्हा रस्त्यावर उभ्या ट्रकमधून बापूनं हाक दिली, "आलो!" आणि सगळा ट्रक हसला.

ते अंगण आता नाही. रस्ता रुंद झाला त्यात गेलं. घरोघरी सिमेंटची वृंदावनं आली, त्यांवर टाईल्स आहेत, वाजवली तर काहीच आवाज येत नाही. ते अंगण मला अजून आठवतं, आणि आठवतं म्हणूनच सुप्याच्या गच्चीवर ही हेल्मेटं आणि हे पिंप आहे. कालच सोसायटीच्या कचऱ्यात एक जर्मनचं भगुनं सापडलं. उन्हाकडे धरून पाहिलं, चांगलं फुटलेलं होतं, तळाशी. घासलं, माती भरली, काठ चार बोटं मोकळा ठेवला, तुळस लावली. पोरं मोबाईल घेऊन आलीच. "आजोबा, ही आयडिया तुमची?"

"नाही," मी म्हणालो. "बसा. यमुनाआत्याची. सगळी सांगतो."